बिनकुलपाची लहर

२६ जुलै २००८ या दिवशी सायंकाळी अहमदाबाद शहरात एकामागून एक असे वीसहून अधिक बाँबस्फोट झाले आणि ५६ माणसे प्राणांस मुकली. पहिला स्फोट होण्यापूर्वी अवघी काही मिनिटे वृत्तवाहिन्यांच्या कचेऱ्यांत एक ई-मेल येऊन पडला होता आणि त्यात या संहाराची वर्दी होती. त्या पत्राचा माग काढीत पोलीस नवी मुंबईत, सानपाडा येथे, एका अमेरिकन गृहस्थाच्या बिऱ्हाडी जाऊन पोचले. या गृहस्थाच्या घरी वाय-फाय होते आणि त्याला कुलूप नव्हते. पत्र निघाले होते ते त्याच्या जोडणीवरून. लिहिणारा मात्र कोणी वेगळाच होता. त्या गृहस्थावर पुढे आरोप ठेवला गेला नाही. परंतु ज्या पत्राचे एक अक्षरही त्याने लिहिले नव्हते, त्याची जबाब देण्याची पाळी त्याच्यावर आली. त्याच वर्षीच्या ऑगस्टात माटुंग्याहून आणि सप्टेंबरात, दिल्लीतील स्फोटांच्या वेळी, चेंबूरहून अशीच पत्रे परक्यांच्या वाय-फायवरून निघाली. तेव्हा सरकारला जाग आली आणि फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार खात्याने वाय-फाय सुरक्षित ठेवण्याविषयी सूचना काढल्या.

ही झाली यजमानाची कथा. ती सर्वांच्या लक्षात राहिली. परंतु उघड्या दाराने आत शिरणाऱ्या निरुपद्रवी पाहुण्याचे काय होते, याचा विचार फारसा कोणी करीत नाही. इंदूरला भाड्याच्या खोलीत राहणारा विद्यार्थी शेजाऱ्याचे बिनकुलपाचे वाय-फाय वापरतो, मडगावला गाडीची वाट पाहणारा प्रवासी 'फ्री' अशी अक्षरे दिसताच मोबाइल जोडतो. दोघांनाही वाटते, फुकट मिळाले, घेतले. यात कोणाचे काय गेले? यजमान पाहुण्याला ओळखत नाही, हे खरे. पण पाहुणाही यजमानाला ओळखत नाही, हे त्याहून खरे, आणि भय तेथे आहे.

तारेतून येणारा संदेश तारेतच राहतो. लहरीला भिंतीची मर्यादा नाही. ती जिन्यात उतरते, रस्त्यावर येते, समोरच्या गच्चीत पोचते. वाय-फायचा संकेतशब्द दोन कामे करतो. नको त्याला आत येऊ देत नाही, हे पहिले काम सर्वांस ठाऊक आहे. दुसरे काम अधिक मोलाचे: जोडलेल्या यंत्राचे बोलणे तो हवेत गूढ लिपीत गुंडाळून पाठवितो. संकेतशब्दच नसेल तर सामान्यतः हे वेष्टन नसते. मग मजकूर पोस्टकार्डासारखा उघडाच प्रवास करतो आणि पल्ल्यात असलेल्या कोणालाही वाचता येतो. चहाच्या दुकानात भिंतीवर संकेतशब्द लिहून ठेवलेला असतो, त्याने काम भागते असेही नाही. डब्ल्यूपीए-२ या प्रचलित पद्धतीत, जो शब्द सर्वांस ठाऊक आहे त्याच्या आधारे शेजारच्या बाकावरचा माणूस दुसऱ्याचे वेष्टन उलगडू शकतो. २०१८ मध्ये आलेल्या डब्ल्यूपीए-३ ने ही उणीव दूर केली; पण जुनी यंत्रे अजून पुष्कळ आहेत. डब्ल्यूईपी नावाचे त्याही आधीचे कुलूप तर २००१ सालीच फुटले. ते लावलेले असणे आणि दार उघडे असणे, यांत फरक मानू नये.

हवेतले बोलणे किती सहज वेचता येते याचा दाखला एका मातब्बर कंपनीने, अनवधानाने का होईना, दिला. रस्त्यांची छायाचित्रे घेत देशोदेशी फिरणाऱ्या गूगलच्या मोटारी वाटेतल्या वाय-फायची नावेही टिपून घेत. मे २०१० मध्ये कंपनीने कबूल केले की, उघड्या वाय-फायवरून जाणाऱ्या मजकुराचे तुकडेही या मोटारींनी गोळा केले होते. आणि ऑक्टोबरात हेही मान्य केले की, त्यांत काही ठिकाणी पुरती ई-मेल पत्रे व पासवर्डही आले. मोटार रस्त्याने नुसती पुढे जात होती. मग मुद्दाम कान लावून बसणाऱ्याची काय कथा!

त्याच ऑक्टोबरात एरिक बटलर या अमेरिकन तरुणाने फायरशीप नावाची एक छोटी योजना जगापुढे ठेवली. उघड्या वाय-फायवर ती चालू केली की, आसपासच्या माणसांची नावे पडद्यावर येत आणि त्यांवर टिचकी मारताच त्या माणसाच्या खात्यात शिरता येई. पासवर्ड लागतच नसे. पुष्कळशी संकेतस्थळे त्या काळी पासवर्ड तेवढा झाकून घेत आणि मग ग्राहकाला ओळखीचा एक बिल्ला देत. हा बिल्ला पुढे दर खेपेला उघड्यावर दाखविला जाई. फायरशीप तो बिल्ला उचलून घेई. बटलरचा हेतू चोरी शिकविण्याचा नव्हता, मोठ्या कंपन्यांना लाजविण्याचा होता, आणि तो बऱ्याच अंशी सफळ झाला. जानेवारी २०११ मध्ये फेसबुकने सारे व्यवहार झाकण्याची सोय दिली, आणि हळूहळू इतरांनीही तोच मार्ग धरला.

म्हणून एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. आज बँका आणि बहुतेक मोठी संकेतस्थळे आपले बोलणे स्वतःच गूढ लिपीत करतात, मग वाय-फाय उघडे असो वा बंद. स्टेशनवर मोबाइल जोडताच खाते रिकामे होते, असे जे छातीठोकपणे सांगितले जाते, ते भय बरेचसे शिळे झाले आहे. कोणता प्रवासी कोणत्या संकेतस्थळाकडे गेला, एवढे अजूनही बहुधा दिसते. तेथे तो काय बोलला, हे सहसा दिसत नाही.

मग उरले काय? उरला तो यजमान. वाय-फाय ज्याचे, तोच पाहुण्याच्या यंत्राला सांगतो की, पत्ते शोधण्यासाठी अमुक सूची पाहा. बँकेचे नाव घेतले की, कोणत्या दारी जायचे, हे ती सूची ठरविते. परक्याच्या हाती ती देणे म्हणजे अनोळखी गावात पहिल्याच भेटलेल्या टांगेवाल्याला नुसते 'बँकेत चल' म्हणून सांगण्यासारखे आहे. खोट्या दाराशी गाडी थांबली तर ब्राउझर बहुधा बजावतो की, या स्थळाचे ओळखपत्र जुळत नाही. पण गाडी सुटायची वेळ झालेली असते, तिकीट काढायचे राहिलेले असते, आणि घाईतला माणूस 'पुढे चला' या शब्दांवर बोट ठेवतो. पहारेकरी जागा असतो. त्याला बाजूला सारणारा घरधनीच असतो.

शिवाय नावाचा प्रश्न आहे. वाय-फायचे नाव ही निव्वळ पाटी असते आणि ती कोणीही रंगवावी. ऑस्ट्रेलियात २०२४ साली एका देशांतर्गत विमानात कर्मचाऱ्यांना वेगळेच एक वाय-फाय दिसले आणि त्यांनी तक्रार केली. तपास होऊन पर्थ येथील एका माणसाच्या हातसामानात लहानसे बिनतारी यंत्र, लॅपटॉप आणि मोबाइल सापडले. विमानतळांवर व विमानांत तो खऱ्या वाय-फायच्या नावाचेच जुळे वाय-फाय उभे करी. जोडणाऱ्यापुढे प्रवेशासाठी एक पान येई आणि त्यावर ई-मेल किंवा समाजमाध्यमाचा पासवर्ड मागितलेला असे. लोक तो लिहून देत. येथे कोणतीही गूढ लिपी फोडावी लागली नाही. २०२५ मध्ये न्यायालयाने त्याला सात वर्षांहून अधिक कारावास सुनावला.

परक्याच्या वाय-फायवर पाहुणा एकटाच नसतो, हेही विसरले जाते. घरच्या माणसांसाठी लॅपटॉपवर मोकळे ठेवलेले दप्तर त्या ओसरीवरच्या इतरांनाही दिसू शकते. आणि कायद्याचे म्हणाल तर, मालकाच्या अनुमतीवाचून त्याच्या जाळ्यात शिरणे माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या ४३ व्या कलमात येते. दार उघडे होते, हे उत्तर तेथे पुरेसे ठरेल, असे इंदूरच्या त्या विद्यार्थ्याने गृहीत धरू नये.

उपाय अवघड नाहीत. आपल्याच मोबाइलची जोडणी लॅपटॉपला द्यावी. या देशात ती आता पुष्कळ स्वस्त आहे. हॉटेलात उतरल्यावर वाय-फायचे खरे नाव गल्ल्यावर विचारून घ्यावे, पडद्यावर दिसले म्हणून जोडू नये. प्रवेशाच्या पानावर ई-मेलचा पासवर्ड मागितला की, तेथूनच परत फिरावे. व्हीपीएनचा सध्या बराच बोलबाला आहे आणि त्याचा उपयोगही आहे. परंतु त्याने विश्वास एका परक्याकडून दुसऱ्या परक्याकडे जातो इतकेच, आणि तो दुसरा कोण, हे फुकट व्हीपीएन घेणाराने अवश्य विचारावे.

राहता राहिली मोबाइलची स्मरणशक्ती. एकदा जोडलेल्या वाय-फायचे नाव तो जपून ठेवतो आणि तेच नाव पुन्हा दिसले की, मालकाला न विचारता तिकडे जाऊ पाहतो. उघड्या जोडणीत नावाखेरीज दुसरी ओळख नसल्याने जुळ्यालाही तो सख्खाच समजतो. ही नावांची यादी सेटिंगमध्ये सापडते. तीन वर्षांपूर्वीचे लग्नाचे सभागृह, एका रात्रीचे हॉटेल, कुठलेसे विमानतळ अशी नावे तेथे अजून नांदत असतात. ती एकेक करून पुसायला पाच मिनिटेसुद्धा लागत नाहीत.