हद्दीची निशाणी आणि रंगवलेली सोंगटी



ज्या व्यासपीठावरून आपण एरवी वेदान्त, राज्यघटना आणि उसाच्या दराचा प्रश्न ऐकता, तेथे जेमतेम इंचभर उंचीच्या रंगवलेल्या सोंगट्यांविषयी बोलावयास एका पेन्शनराने उभे राहावे, हे काहींना पोरकट वाटेल. परंतु माझी उभी नोकरी जमिनीची मोजणी करून हद्दी कायम करण्यात गेली, आणि या सोंगट्यांशी माझी ओळख झाली तीही एका हद्दीच्या तंट्यातूनच.

माझा भाचा आणि त्याची मित्रमंडळी शनिवारी रात्री ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळतात. अमेरिकेत, विस्कॉन्सिनमधील लेक जिनिव्हा या गावी राहणाऱ्या गॅरी गायगॅक्स यांनी डेव्ह अर्नेसन यांच्या साथीने रचलेला हा खेळ १९७४ साली प्रसिद्ध झाला. एक जण सूत्रधार होतो, त्यास डंजन मास्टर म्हणतात. तो भुयार, तेथला ओलावा आणि दाराआडची कुजबुज शब्दांनी उभी करतो, बाकीचे आपापल्या पात्राच्या वतीने काय करणार ते सांगतात, आणि डाव साधला की हुकला याचा निवाडा वीस पैलूंचा फासा करतो.

मी प्रथम पाहिली ती लढाई निव्वळ तोंडी चालली होती. जादूगारणीने फायरबॉल टाकला, ज्याची त्रिज्या नियमाप्रमाणे २० फूट. आणि त्याच क्षणी भाच्याने हरकत घेतली की, ‘माझा माणूस खांबाआड होता.’ दुसरा म्हणाला, खांब डावीकडे. तिसऱ्याच्या मनातल्या दालनात खांबच नव्हता. पाऊण तास वहिवाटीची भाषा चालली, आणि प्रत्येक जण प्रामाणिक होता, हीच त्या तंट्यातली अडचण. मी विचारले, ‘नकाशा कोठे आहे?’ नकाशा नव्हता.

पुढच्या शनिवारी इंचाइंचाच्या चौकटी आखलेला कागद आला, एक चौकट म्हणजे ५ फूट असे प्रमाण ठरले, आणि त्यावर सोंगट्या उभ्या राहिल्या. जादूगारणीने चारही दिशांना चार-चार चौकटी मोजल्या, त्या वर्तुळात आपलाच जखमी सोबती उभा आहे हे तिला दिसले, आणि तिने उचललेला हात खाली घेतला. कोणी वाद घातला नाही. सोंगटीचे पहिले काम हे आहे: ती शोभेची वस्तू होण्यापूर्वी हद्दीची निशाणी आहे.

हे काही नव्या पिढीचे खूळ नव्हे. राइस्विट्झ बापलेकांपैकी धाकट्याने १८२४ साली प्रशियाच्या सेनाधिकाऱ्यांपुढे मांडलेल्या युद्धखेळातही नकाशा होता, सैन्याचे ठोकळे होते आणि निवाडा करणारा पंच होता. आजचा डंजन मास्टर त्याच पंचाच्या वंशातला. पण सोंगटी हुबेहूब असलीच पाहिजे, हा समज मात्र गायगॅक्स यांनी स्वतःच खोटा पाडला. हाँगकाँगच्या बनावटीच्या स्वस्त प्लॅस्टिक खेळण्यांतील ओळखू न येणाऱ्या प्राण्यांना त्यांनी पटावर आणले, आणि त्यांतूनच घुबडाच्या तोंडाचे अस्वल व लोखंडाला गंज चढवणारा रस्ट मॉन्स्टर हे या खेळातले नामांकित राक्षस जन्मले. दिवाळीच्या किल्ल्यावर बुरुजाहून उंच मावळा उभा करणाऱ्या आपणांस यात नवल वाटण्याचे कारण नाही.

मग रंग कशाला? ओळखीसाठी. भाच्याच्या आग्रहाने मी स्वतः एक बुटका योद्धा रंगवला. काळ्या प्राइमरवर मूळ रंग दिला, त्यावर पातळ तपकिरी वॉश सोडला, तो झग्याच्या चुण्यांत उतरून तेथे सावली पडली. वाळल्यावर कुंचल्यातला रंग चिंधीवर जवळजवळ पुसून टाकून तो कोरडा कुंचला उंचवट्यांवरून फिरवला, तेव्हा दाढीचा केस न् केस उठून आला. त्यानंतर दोन संध्याकाळी मी त्याच्या डोळ्यांत घालवल्या, आणि त्या फुकट गेल्या. तो कायमचा दचकल्यासारखा दिसू लागला, आणि मेजापलीकडच्या कोणासही ते दिसले नाही. दिसला तो त्याचा लाल झगा. हातभर अंतरावरून जे दिसते तेवढेच रंगवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

याहून मोठी चूक सूत्रधार करतात ती घाईची. एकाने मोठ्या हौसेने रंगवलेला ड्रॅगन आरंभीच पटावर मांडला. झाले, सगळे त्याच्या वर्णनाकडे पाठ फिरवून चौकटी मोजू लागले. नियमाप्रमाणे मशालीचा उजेड २० फूट स्वच्छ आणि पुढे २० फूट अंधूक पडतो; त्या अंधूक पट्ट्यापलीकडे जे आहे ते सूत्रधाराने शब्दांच्याच ताब्यात ठेवावे. आधी खरवडण्याचा आवाज यावा, मग गंधकाचा वास यावा, एखाद्याने न राहवून ‘आहे तरी काय?’ असे विचारावे, आणि मगच पेटीतला ड्रॅगन बाहेर काढून उजेडाच्या कडेवर ठेवावा. तोंडी वर्णनाने भय निर्माण होते, सोंगटीने अंतर ठरते. पहिल्याचे काम दुसरीवर ढकलले की दोन्ही वाया जातात.

बाहेर पायरीजवळच्या मेजावर आठ सोंगट्या मांडल्या आहेत. जाताना जरूर हातात घेऊन पाहा. फक्त तलवारीला न धरता खालच्या बैठकीला धरा, आणि कडेच्या हिरव्या राक्षसाला हात लावू नका, त्याचा रंग अजून ओला आहे.