प्रश्न विचारणारा वर्ग
(पालक मेळाव्यातील भाषण)



अठराव्या शतकातील युरोपच्या ज्ञानोदयाचे तत्त्वज्ञान शिकवावयाचे म्हणजे बहुधा नावे आणि सने पाठ करून घेणे. परंतु १७८४ साली कांटने ज्ञानोदयाचा अर्थ सांगितला तो असा, की माणसाने दुसऱ्याचे बोट सोडून स्वतःची बुद्धी वापरण्याचे धैर्य करावे. हे घोकंपट्टीने कसे शिकविणार? म्हणून नववीच्या वर्गाचे आम्ही पाच-पाच जणांचे गट केले. नियम एकच: दुसऱ्याचे म्हणणे त्याला पटेल अशा शब्दांत आधी सांगायचे, मगच खोडायचे.

एका गटाकडे माँतेस्क्यू होता. कायदा करणारा, राबविणारा आणि न्याय देणारा एकच असू नये, हे त्याचे १७४८ सालचे म्हणणे. फलंदाजच पंच झाला तर काय होईल, असे विचारून मुलांनी ते चटकन उलगडले.

मुलींच्या गटाकडे रूसो आला. समतेचा हा पुरस्कर्ता १७६२ च्या ‘एमिल’मध्ये मात्र स्त्रीचे शिक्षण पुरुषाच्या सोयीचे असावे असे सांगतो. मुलींनी नियमाप्रमाणे त्याची बाजू नीट मांडली. मग एकीने विचारले, “सर, अम्मी विड्या वळते, त्यावर आमचं घर चालतं. तिनं कुणाच्या सोयीसाठी शिकायचं?” वर्ग शांत झाला. मी उत्तर दिले नाही. पुढच्या तासाला मेरी वुलस्टनक्राफ्टने १७९२ साली रूसोचे केलेले खंडन गटासमोर ठेवले. शेजारी ठेवली १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढणाऱ्या फुले दांपत्याची हकीगत, आणि सावित्रीबाईंच्या १८५६ च्या पत्रात जिचे नाव येते ती फातिमा. उत्तर मुलींनीच लिहिले.

काही पालक म्हणतात, हे परके विचार. अशाने मुले वडीलधाऱ्यांचा मान ठेवतील काय? बाराव्या शतकात अंदलुसच्या इब्न तुफैलने, निर्जन बेटावर वाढून स्वतःच्या बुद्धीने सत्य शोधणाऱ्या मुलाची कथा लिहिली. तिचे लॅटिन भाषांतर १६७१ साली ऑक्सफर्डला निघाले. मग बुद्धी परकी कशी? आणि मानाचे म्हणाल, तर समोरच्याचे पुरते ऐकून घेणे हीच अदब होय. शिवाय जिज्ञासा वाढविणे हे १९७६ च्या घटनादुरुस्तीने नागरिकाचे कर्तव्यच ठरविले आहे.

पालकहो, एकच विनंती. दहावीनंतर मुलीची शाळा थांबविण्याचा विचार मनात आला, तर आमचा नियम घरी पाळून पाहा: तिचे म्हणणे तिला पटेल अशा शब्दांत आधी सांगा. निर्णय मग करा.