लहान गाडीवरून मोठ्या गाडीकडे

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाला आहार, आरोग्य, मुलांचे संगोपन अशा विषयांवर भाषण ठेवण्याची आपली रीत. यंदा चिटणीसबाईंनी मला मोटारसायकलीवर बोलायला सांगितले, तेव्हा काहीजणींना नवल वाटले असेल. परंतु आज आपल्यापैकी बहुतेकींच्या दारात एक तरी दुचाकी उभी असते, आणि कुणाची तरी लेक किंवा सून "मला आता मोठी गाडी हवी" असे म्हणत असते. तिला काय उत्तर द्यावे, एवढाच माझा आजचा विषय आहे.

आधी माझ्याविषयी थोडे सांगते. पुण्यात कॉलेजात असताना मी लूना चालवीत असे. 1972 साली निघालेली ही 50 सी.सी.ची गाडी, पेट्रोल संपले तर पायडल मारीत घर गाठता येई. नोकरी लागल्यावर कायनेटिक होंडा घेतली. 1984 साली आलेल्या या स्कूटरला गिअर नव्हते आणि ती बटण दाबताच सुरू होई. त्यानंतर थोरल्या भावाची 100 सी.सी.ची मोटारसायकल चालवू लागले आणि पन्नाशी गाठल्यावर 350 सी.सी.ची बुलेट घेतली. सगळ्यांनीच एवढी वर्षे घालवावीत असे माझे मुळीच म्हणणे नाही. मात्र प्रत्येक पायरीवर शिकायचे वेगळे असते.

लहान गाडीवर रस्ता वाचायला शिकावे. खड्डा कुठे, वळणावर वाळू कुठे पसरली आहे, पहिल्या पावसात डांबर कुठे निसरडे झाले आहे, उभ्या मोटारीचे दार केव्हा उघडेल, हे सारे डोळ्यांना आपोआप दिसू लागले पाहिजे. गाडी हलकी आणि वेग बेताचा असल्यामुळे मन त्याकडे देता येते.

स्कूटरवर वेग वाढतो, म्हणून ब्रेक शिकावा. ताशी 60 किलोमीटर वेगात गाडी एका सेकंदात सुमारे 17 मीटर पुढे जाते. समोरचे संकट दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एवढे अंतर सहज निघून जाते. शिवाय वेग दुप्पट झाला, तर ब्रेक लावल्यावर थांबायला लागणारे अंतर चौपट होते. ब्रेक लावताना भार पुढच्या चाकावर येतो, म्हणून गाडी थांबविण्याचे बरेचसे काम पुढचा ब्रेकच करतो. "पुढचा ब्रेक लावू नकोस, पडशील" हा सल्ला बायकांना हमखास दिला जातो. तो ऐकू नये. गाडी सरळ असताना दोन्ही ब्रेक हळूहळू दाबण्याची सवय करावी.

गिअरच्या मोटारसायकलीवर येताना डाव्या हाताला सांभाळावे लागते. गिअर नसलेल्या स्कूटरवर डाव्या मुठीपाशी मागचा ब्रेक असतो; मोटारसायकलीवर तिथे क्लच असतो आणि मागचा ब्रेक जातो उजव्या पायाखाली. वर्षानुवर्षांची सवय घाईच्या क्षणी डावा हात आवळायला लावते. त्याने गाडी थांबत नाही; उलट इंजिनाची ओढ सुटून ती तशीच पुढे धावते. हे ठाऊक असल्यामुळे मी पंधरा दिवस रोज सकाळी मोकळ्या मैदानावर नुसते थांबण्याचा सराव केला आणि मगच रहदारीत शिरले.

बुलेटवर शिकायचे ते वजन. साधी स्कूटर शंभर-एक किलोंची, तर बुलेट तिच्या जवळजवळ दुप्पट. धावताना हे वजन जाणवत नाही. जाणवते ते अगदी हळू चालविताना, अरुंद गल्लीत वळविताना आणि उभी करताना. उतारावर तोंड खाली करून ती लावली, की मागे ओढताना घाम फुटतो. म्हणून उभी करण्यापूर्वीच निघायचे कसे ते ठरवावे. आडवी झालीच, तर इंजिन बंद करून गाडी गिअरमध्ये टाकावी, तिच्याकडे पाठ करून बसावे, कंबर सीटला टेकवावी, एक हात हँडलला आणि दुसरा मागच्या कडीला धरून पायांच्या जोरावर मागे सरकत उठावे. पाठीने उचलू नये. गाडी घेण्यापूर्वी दुकानात बसून दोन्ही पाय जमिनीला नीट टेकतात की नाही, तेही पाहावे.

आता कायद्याकडे वळते. युरोपीय संघात 2013 पासून या पायऱ्या कायद्यानेच घातल्या आहेत: आधी 125 सी.सी.पर्यंतची गाडी, मग मध्यम ताकदीची, आणि त्यावर दोन वर्षे काढल्यावर हवी ती. जपानात 400 सी.सी.च्या वरच्या गाडीसाठी वेगळा परवाना लागतो. आपल्याकडे 1988 च्या मोटार वाहन कायद्यात भेद आहे तो गिअर असलेल्या आणि नसलेल्या गाडीचा. अठरा वर्षांच्या मुलाने किंवा मुलीने 100 सी.सी.च्या गाडीवर परीक्षा दिली, की दुसऱ्या दिवशी 650 सी.सी.ची गाडी चालवायला त्याला अथवा तिला कायद्याची आडकाठी नाही. म्हणजे कायद्याने न घातलेल्या पायऱ्या आपण घरात घालायला हव्यात.

लंडनच्या एल्स्पेथ बेअर्ड यांचे उदाहरण पाहा. वास्तुशास्त्राच्या या विद्यार्थिनीने आरंभ केला तो 100 सी.सी.च्या यामाहावर; मग 250 सी.सी.ची होंडा आणि त्यानंतर 600 सी.सी.ची जुनी बी.एम.डब्ल्यू. 1982 साली तीच गाडी घेऊन त्या एकट्या जगप्रवासाला निघाल्या आणि भारतातूनही जाऊन 1984 साली घरी परतल्या.

तेव्हा लेक मोठी गाडी मागू लागली, तर "तुला झेपणार नाही" असे म्हणू नका. हा प्रश्न मुलाला कुणी विचारीत नाही, आणि बारावी होताच त्याच्या हाती जड गाडी पडते. दोघांनाही एकच नियम लावा. आताच्या गाडीवर एक पावसाळा काढलास का? अंधारात आणि मागे माणूस बसवून चालवलीस का? एकदम थांबण्याचा सराव केलास का? हेल्मेट घराच्या कोपऱ्यापर्यंत जातानाही घालतेस का? चारही उत्तरे "होय" आली, तर खुशाल पुढची गाडी घेऊ द्या, आणि पहिल्या दिवशी तिच्या मागे तुम्ही बसा. हेल्मेट मात्र तुम्हीही घाला.