मोट गेली, धाव राहिली



मी तालुक्याच्या कचेरीत कारकून. शिक्षण एस.एस.सी. पर्यंत. भाषणाची सवय नाही, पण जुने कागद चाळण्याची आहे. त्यावरून सुचलेले चार शब्द आपल्यापुढे मांडतो.

जुन्या महसुली दप्तरात बागायत जमिनीचे दोन प्रकार आढळतात, पाटस्थळ आणि मोटस्थळ. पाटाच्या पाण्यावर भिजणारी ती पाटस्थळ, विहिरीच्या मोटेवर भिजणारी ती मोटस्थळ. विहीर चार भावांत असेल, तर सातबाराच्या इतर हक्काच्या सदरात तिचे हिस्से लिहिले जात. मोटेची पाळी ठरलेली असे. आज कागदावर हिस्से आहेत, मोट मात्र कुठे नाही. माझ्या पिढीने ती वडीलधाऱ्यांच्या बोलण्यातच ऐकली.

तरुण मुलांसाठी थोडे सांगतो. मोट म्हणजे कातड्याची मोठी पिशवी, खाली हत्तीसारखी सोंड. तोंडाला जाड नाडा, सोंडेला बारीक दोरी. नाडा वरच्या चाकावरून, दोरी खालच्या रहाटावरून. बैल धावेवरून उताराला जात, म्हणजे त्यांच्या अंगाचे वजनही ओढायला कामी येई. वर येताना सोंड दुमडलेली राही, त्यामुळे पाणी सांडत नसे. मोट काठावर आली की सोंड थारोळ्यात उलगडे आणि पाणी आपोआप पाटाला लागे. हात लावायला माणूस लागत नसे. आपल्या अडाणी म्हटल्या गेलेल्या पूर्वजांचे हे इंजिनिअरिंग होते.

साताऱ्याजवळ लिंब गावी बारा मोटांची विहीर आहे. विरूबाई भोसले यांनी ती 1719 ते 1724 या काळात बांधवली. खोली सुमारे 110 फूट, व्यास 50 फूट. एका वेळी बारा मोटा चालत. मोटा गेल्या, पण विहीर जपली म्हणून लोक आजही दुरून पाहायला येतात. परदेशातही पाहा. हॉलंडमध्ये किंडरडाइक येथे पाणी उपसणाऱ्या जुन्या 19 पवनचक्क्या आहेत. तेथे वाऱ्याने काम केले, येथे बैलांनी. त्या लोकांनी चक्क्या राखल्या, 1997 साली त्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला. आपण मोटेचे चाकसुद्धा जळणात घातले.

मोट का गेली, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. ती चालवणे कष्टाचे होते. पहाटे जुंपलेले बैल उन्हं चढेपर्यंत राबत, तेव्हा कुठे थोडे वाफे भिजत. लोणावळ्याच्या डोंगरातले पाणी अडवून खोपोलीत वीज झाली 1915 साली, पण ती मुंबईला गेली. आपल्या विहिरींवर बैलच राहिले. 1946 साली खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स कारखाना निघाला. 1960 साली वीज मंडळ आले. इंजिनाची टुकटुक आणि मग विजेची मोटार आली, तेव्हा शेतकऱ्याने मोट आनंदाने उतरवली. त्यात चूक काही नाही. पुढे 1954 साली पिंपरीत पेनिसिलिनचा कारखाना आणि 1962 साली औद्योगिक विकास महामंडळ आले, नंतर चाकणपर्यंत कारखाने पोचले. जमिनी बिनशेती झाल्या, पोरांना रोजगार मिळाला, आणि या देवळालाही त्याच कमाईतून देणग्या मिळाल्या. पण जमिनीबरोबर विहिरीही बुजल्या.

आता मुद्द्याचे बोलतो. देवळामागची विहीर बुजवून तेथे गाड्यांसाठी फरशी करावी, अशी सूचना समितीपुढे आहे. गाड्यांना जागा हवी, हे मान्य. तरी माझी हात जोडून विनंती आहे की विहीर ठेवावी, तिची धाव व दगडी थारोळे ठेवावे, आणि वर मजबूत जाळी बसवावी. नुसती आठवण म्हणून नव्हे. देवळाचे नवे छत 100 चौरस मीटर धरले आणि वर्षाला 600 मिलिमीटर पाऊस धरला, तर 60,000 लिटर पाणी छतावर पडते. त्यातले बरेचसे पन्हाळीने गाळून विहिरीत सोडता येईल. बोअर कोरडे पडू लागल्यावर आपल्याला हीच विहीर आठवेल.

दुसरी गोष्ट बोलायला थोडी अवघड आहे, पण देवाच्या दारात खरे बोलावे. मोटेचे कातडे चर्मकार बांधव कमावून शिवत. नाडे मातंग बांधव वळत. चाक सुताराचे, कडी लोहाराची. कातडे शिवणाऱ्याच्या आणि नाडा वळणाऱ्याच्या हातची मोट विहिरीत उतरत होती, तिचे पाणी सर्वांना चालत होते, पण त्यांना स्वतःला मात्र विहिरीवर येण्याची बंदी होती. देवळाची पायरीही त्यांना बंद होती. जोतीराव फुल्यांनी 1868 साली पुण्यात आपल्या घरचा हौद खुला केला, बाबासाहेबांनी 1927 साली महाडचे तळे खुले केले, तेव्हा हे दिवस पालटू लागले. नव्या फलकावर रोख देणगीदारांची नावे कोरली जाणार आहेत, ती कोरलीच पाहिजेत. पण धावेपाशी एक छोटी शिळा बसवावी आणि तीवर या कारागिरांचा उल्लेख करावा. त्यांनी दिलेली देणगी पावतीपुस्तकात कधी चढली नाही. त्या शिळेच्या खर्चाला माझ्या एका महिन्याच्या पगारातली निम्मी रक्कम मी आजच समितीकडे जमा करतो.

जीर्णोद्धार म्हणजे जुने उचलून टाकणे नव्हे, जुने पुन्हा उभे करणे. कळस नवा झाला, आता पायाशी असलेले पाणीही आपले राहू द्या. जास्त वेळ घेतला असेल तर लहान भाऊ समजून पोटात घालावे.

जय हिंद, जय महाराष्ट्र.