कोरमंगला ते नंदी : द्राक्षवेलींची वाट

प्रवासाची साधने जसजशी वेगवान होत गेली, तसतसा प्रवाशाचा भूमीशी असलेला संबंध सुटत गेला. आगगाडीतून जाणाऱ्याला चढ जाणवत नाही आणि विमानातून जाणाऱ्याला डोंगर व मैदान यांतला भेदही उरत नाही. सायकल मात्र असे वाहन आहे की, तिच्यावर बसून दिवसाकाठी साठ-सत्तर किलोमीटरची मजल मारता येते आणि तरीही पायी चालणाऱ्याची जाणीव शाबूत राहते. चढ आला की मांड्या तक्रार करू लागतात, उतार आला की कानांत वारा भरतो. भूमीचे हे चढउतार बहुतांशी पाण्यानेच कोरलेले असतात. त्यामुळे सायकलस्वार कळत नकळत पाण्याची वाट वाचीत असतो.

फ्रान्स देशात या वाचनाला एका रम्य छंदाचे रूप आले आहे. तेथील सर्वांत लांब नदी ल्वार ही सुमारे एक हजार किलोमीटर वाहते, आणि तिच्या सोबतीने सुमारे नऊशे किलोमीटरचा सायकलमार्ग आखलेला आहे. कधी बांधावरून, कधी शेतांमधून, कधी जुन्या राजवाड्यांच्या सावलीतून तो जातो. दोन्ही तीरांच्या उतारांवर द्राक्षांचे मळे पसरलेले असतात. बोर्दो शहराजवळ तर गाड्या बंद पडलेल्या एका लोहमार्गाचाच सायकलमार्ग करण्यात आला आहे. प्रवासी सकाळी निघतात, दुपारी एखाद्या खेड्यात भाकरतुकडा खातात आणि सायंकाळी द्राक्षमळेवाल्याच्या दारी मुक्काम करतात.

नदी आणि द्राक्षवेल यांची ही जोडी केवळ शोभेची नाही. बोर्दोच्या दक्षिणेस सोतेर्न नावाचा भाग आहे. तेथे सिरों हा थंड पाण्याचा ओढा गारोन नदीला मिळतो. शरद ऋतूत त्या संगमावर पहाटे दाट धुके दाटते. त्या दमटपणामुळे पिकलेल्या द्राक्षांवर एक विशिष्ट बुरशी धरते, दुपारच्या उन्हाने फळातले पाणी आटते, आणि उरलेल्या घट्ट रसापासून तेथील प्रसिद्ध गोड वाइन तयार होते. ओढ्याचे पाणी थंड नसते, तर त्या वाइनला ही कीर्ती लाभती ना. फ्रान्सच्या नामांकित मळ्यांत वाढलेल्या वेलींना कालव्याचे किंवा विहिरीचे पाणी देण्यास दीर्घकाळ बहुतेक मनाईच होती. २००६ साली ती काही अटींवर सैल करण्यात आली. आकाश देईल आणि जमीन राखील तेवढ्याच पाण्यावर वेलीने जगावे, असा तेथील दंडक होता.

आता तेथून आपल्या दख्खनच्या पठारावर येऊ. बेंगळूर शहराच्या आग्नेय भागात कोरमंगला ही वस्ती आहे. शहाजीराजांना १६३८ च्या सुमारास जी बेंगळूरची जहागीर मिळाली, तिच्यात कोलार, होसकोटे, दोड्डबळ्ळापूर हा मुलूख होता. त्यामुळे या वाटेवरची गावे मराठी इतिहासाला अनोळखी नाहीत. आज कोरमंगल्यात माहितीतंत्रज्ञानाच्या व्यवसायातील तरुणांची दाटी आहे, आणि त्यांच्यापैकी काही जण रविवारी पहाटे दिवे लावून सायकलीवर उत्तरेकडे निघतात. त्यांचे ठिकाण असते नंदीदुर्ग, सुमारे साठ-पासष्ट किलोमीटरवरचे. द्राक्षमळे आणि नद्यांची उगमस्थाने एकाच वाटेवर पाहावयाची, तर दक्षिण भारतात याहून सोयीची वाट क्वचितच सापडेल.

निघण्यापूर्वी कोरमंगल्याचीच भूमी पाहण्यासारखी आहे. बेंगळूरला नदी नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंचीच्या एका कण्यावर ते वसले आहे. कण्याच्या पश्चिमेचे पाणी अर्कावतीकडे आणि पुढे कावेरीला जाते. पूर्वेचे पाणी जाते ते दक्षिण पिनाकिनीकडे. कोरमंगला हे मुळात त्या पूर्वेकडच्या एका खोऱ्याचे नाव. शहराच्या मध्यातून निघणारा मोठा नाला, ज्याला तिकडे राजकालुवे म्हणतात, या खोऱ्यातून बेळ्ळंदूर तलावाला मिळतो. त्यातून पावसाचे पाणी वाहावे, ही मूळ योजना. पुढे त्यातून सांडपाणीच वाहू लागले. २०१५, २०१७ आणि २०१८ या वर्षी बेळ्ळंदूर तलावावर आगी लागल्या, तेव्हा पाण्याला आग लागल्याची वार्ता देशभर पसरली.

सायकलस्वार हे खोरे मागे टाकून हेब्बाळ आणि येलहंका ओलांडतो. देवनहळ्ळीच्या आसपास विमानतळाचा गजबजाट सरला की रस्त्याच्या दोहों बाजूंस द्राक्षांचे मांडव दिसू लागतात. त्यांवर जांभळट काळी, जाड सालीची आणि उग्र सुगंधाची द्राक्षे लोंबत असतात. हीच ती बेंगळूर ब्ल्यू. नाशिक-सांगलीच्या लांबट हिरव्या द्राक्षांवर वाढलेल्या माणसाला तिची चव प्रथम परकी वाटते, आणि ती आहेही परकी. तिच्या अंगात अमेरिकेतील रानवेलीचे रक्त आहे. एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा नावाच्या किडीने फ्रान्सचे मळे उद्ध्वस्त केले, तेव्हा अमेरिकन वेलींच्या खुंटांवर कलमे बांधूनच ते सावरले. त्याच अमेरिकन कुळाची एक शाखा या लाल मातीत स्थिरावली.

येथे वेलीचा दिनक्रमही निराळा आहे. फ्रान्समध्ये हिवाळ्यात वेल पाने गाळून झोपी जाते. दख्खनमध्ये तिला झोप अशी नाहीच, म्हणून माणसाला कात्री चालवून तिला ऋतू शिकवावे लागतात. आपल्याकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी व ऑक्टोबरमध्ये फळछाटणी होऊन वर्षाला एकच पीक घेतले जाते. बेंगळूर ब्ल्यू मात्र दोन छाटण्यांत दोन पिके देते. याच पट्ट्यात, दोड्डबळ्ळापूरजवळ रघुनाथपुरा येथे, कंवल ग्रोव्हर यांनी फ्रेंच जातींच्या वेली लावून १९८८ साली वाइनचा उद्योग उभारला. हे स्थान उष्ण कटिबंधात असले, तरी पठाराच्या उंचीमुळे रात्री थंड होतात, आणि त्या थंडाव्यात द्राक्षाचा आंबटपणा टिकून राहतो.

पुढे नंदीचा सात-आठ किलोमीटरचा नागमोडी चढ. १,४७८ मीटर उंचीच्या माथ्यावर पोहोचेतो कसलेला सायकलस्वारही घामाघूम होतो. वर उभे राहिले की चहूंकडे ढग दिसतात, आणि ढग विरले की कोरडी खोरी. नंदीच्या डोंगररांगेत अर्कावती, दक्षिण पिनाकिनी, उत्तर पिनाकिनी, पालार आणि चित्रावती या पाच नद्यांचा उगम मानला जातो. पुढे त्यांनी कर्नाटक, आंध्र आणि तमिळनाडू या तिन्ही प्रांतांत शेती फुलविली. मात्र या डोंगराच्या पायथ्याशी वर्षातला बहुतेक काळ एकही नदी वाहताना दिसत नाही. खोऱ्यात निलगिरीची लागवड झाली, तलावांना पाणी आणणारे ओहोळ बुजले, आणि विंधणविहिरी हजार-दीड हजार फुटांपर्यंत खाली गेल्या. हिरवे मांडव उभे आहेत ते या खोल पाण्यावर. फ्रान्समध्ये नदी वेलीला पोसते. येथे वेल नदीच्या मुळाशीच ओठ लावून बसली आहे. दोष वेलीचा किंवा शेतकऱ्याचा नाही. तलाव आटल्यावर त्याला दुसरा मार्ग उरला नाही.

सायकलस्वाराच्या ध्यानी येण्यासारखी गोष्ट ही की, तो पहाटे ज्या खोऱ्यातून निघाला, त्या कोरमंगल्याचे सांडपाणी बेळ्ळंदूर व वर्तूर तलावांतून दक्षिण पिनाकिनीलाच मिळते. म्हणजे नाला आणि झरा ही एकाच नदीची दोन टोके ठरली. कोरमंगल्याच्या नळाला येणारी कावेरी १९७४ पासून सुमारे शंभर किलोमीटरवरून, पाचशे मीटर वर उचलून आणली जाते. ते पाणी एकदा वापरले की नाल्यात जाई. २०१८ पासून मात्र कोरमंगला-चल्लघट्ट खोऱ्यातील सांडपाणी शुद्ध करून कोलारच्या कोरड्या तलावांत सोडले जाऊ लागले. दिवसाला ४४ कोटी लिटर पाण्याची ही योजना आहे. हेब्बाळ-नागवार खोऱ्याचे पाणी अशाच रीतीने चिक्कबळ्ळापूरकडे, म्हणजे द्राक्षांच्या पट्ट्यात नेण्यात येते. ते थेट पिकाला द्यावयाचे नसून तलावांतून जमिनीत मुरावे, असा हेतू आहे. तलाव भरलेले पाहून कोलारचे शेतकरी हरखले. पण शुद्धीचा तिसरा टप्पा वगळल्यामुळे हे पाणी भूजल दूषित तर करणार नाही ना, ही शंकाही त्यांच्यातीलच अनेकांनी उच्चस्वराने विचारली. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. शंका रास्त आहे, कारण ज्या विहिरीतून वेल पाणी पिते, तिच्यातूनच गावही पिते.

नंदीच्या पायथ्याशी मुद्देनहळ्ळी हे गाव आहे. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचा जन्म तेथे १८६१ साली झाला. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातून १८८३ साली ते स्थापत्यशास्त्राची परीक्षा उत्तीर्ण झाले आणि त्यांनी ऐन उमेदीची वर्षे मुंबई इलाख्यात वेचली. खडकवासल्याच्या धरणावर १९०३ साली बसविलेली स्वयंचलित दारे हे त्यांचेच काम. नीरा कालव्यावर त्यांनी गटपद्धती आणली. एकाच गावाने मनमुराद पाणी न घेता, अनेक गावांच्या ठरावीक गटांना पाळीपाळीने मोजून पाणी द्यावयाचे, हे तिचे सूत्र. कोरड्या खोऱ्यात जन्मलेल्या या पुरुषाने महाराष्ट्राला पाण्याचा हिशेब शिकविला, आणि तोच हिशेब आज त्यांच्या जन्मगावाच्या परिसराला हवा आहे.

ल्वारच्या काठाने जाणारा प्रवासी वाहत्या नदीच्या सोबतीने निश्चिंत मनाने पेडल मारतो. नंदीची वाट चालणाऱ्याला ते सुख नाही. त्याला नदी शोधावी लागते. ती कधी नाल्यात सापडते, कधी वेलीच्या मुळाशी, कधी एखाद्या भरू लागलेल्या तलावात. परतीच्या उताराला लागताना द्राक्षांचा एखादा घड पिशवीत टाकून तो निघतो. त्या घडात पाणी कोठले आहे, आणि घरी पोहोचून आपण जे पाणी सांडणार आहोत ते कोठे जाणार आहे, एवढे जरी त्याला कळले, तरी दिवसभराच्या श्रमांचे सार्थक झाले असे म्हणता येईल.