पावतीपासून राष्ट्रीय आयोगापर्यंत



प्रभादेवीत ज्या जमिनींवर एके काळी गिरण्यांचे भोंगे वाजत, तेथे आज उंच इमारती उभ्या आहेत. त्या काळी आमच्या वडीलधाऱ्यांची तक्रार असे वाण्याच्या मापाची. साखर कमी भरली तर चार शब्द बोलून ते मोकळे होत, आणि पुढल्या महिन्यात दुकान बदलत. परंतु ज्याने जन्माची पुंजी कागदावरच्या घरात घातली, त्याला दुकान बदलता येत नाही. त्याने दाद कोठे मागावी, हा आजचा विषय आहे.

'घेणाऱ्याने पाहून घ्यावे' हा व्यापाराचा जुना दंडक. मंडईत तो ठीक होता. वांगे किडके आहे की नाही हे हातात घेतले की कळे. पण विम्याचा करार किंवा अजून न बांधलेली इमारत यांत पाहून काय घेणार? हे प्रथम ओळखणाऱ्यांत मुंबईकर होते. १९६६ साली येथील नऊ स्त्रियांनी कन्झ्युमर गायडन्स सोसायटी काढली. १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत निघाली, आणि चार कुटुंबांनी एकत्र येऊन माल घ्यावा ही रीत तिने घरोघर नेली. १९८६ साली ग्राहक संरक्षणाचा कायदा झाला. १९८८ साली राष्ट्रीय आयोग स्थापन झाला आणि न्यायमूर्ती बालकृष्ण एराडी त्याचे पहिले अध्यक्ष झाले.

ही व्यवस्था तीन पायऱ्यांची आहे. जिल्हा आयोग, त्यावर राज्य आयोग आणि नवी दिल्लीत राष्ट्रीय आयोग. २०१९ च्या कायद्यान्वये व २०२१ च्या नियमान्वये, दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा, त्यापुढे २ कोटींपर्यंत राज्य आणि त्याहून अधिक असेल तर थेट राष्ट्रीय आयोग. प्रभादेवीतल्या महागड्या सदनिकेचा वाद म्हणूनच पहिल्या दिवशीच दिल्लीस जाऊ शकतो. मिक्सर घेणाऱ्याने मात्र निराश होऊ नये. त्याची तक्रार तो राहतो त्या जिल्ह्यात दाखल होते, वकील देण्याची सक्ती नाही, आणि ५ लाखांपर्यंतच्या मोबदल्यास फी नाही.

मग राष्ट्रीय आयोगाचा त्याला उपयोग काय? एकतर्फी, जाचक करार रद्दबातल ठरविण्याचा अधिकार कायद्याने राज्य व राष्ट्रीय आयोगांस दिला आहे. विक्रेत्याला अपील करावयाचे तर आदेशातील रकमेचा निम्मा भाग आधी भरावा लागतो; केवळ वेळ काढण्यासाठी वरच्या पायरीवर धावणे त्यामुळे महाग पडते. आणि आदेश पाळला नाही तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

मुंबईतील एका गृहप्रकल्पाचा वाद राष्ट्रीय आयोगातून सर्वोच्च न्यायालयात गेला. करारात ताबा देण्याची मुदतच लिहिलेली नव्हती. २०१८ साली न्यायालयाने सांगितले की घर घेणाऱ्यास अनंत काळ ताटकळत ठेवता येणार नाही, आणि मुदत लिहिली नसेल तर तीन वर्षे हा वाजवी काळ मानावा. तो निवाडा आज सर्वांच्या कामी येतो. वरच्या आयोगाचे महत्त्व ते हेच: एकाने मिळविलेला न्याय पुढच्या माणसाची वाट सोपी करतो.

तरी आम्ही आपणांस खोटी आशा दाखविणार नाही. कायद्यात महिन्यांची मुदत असली तरी अनेक प्रकरणे वर्षानुवर्षे रेंगाळतात. म्हातारपणी सुरू केलेल्या तक्रारीचा निकाल वारसांच्या हाती पडावा, हे न्यायाला भूषणावह नाही. रिकाम्या जागा वेळेवर भरा, असे सरकारास सांगणे हेही ग्राहकांचेच काम आहे.

आपल्याकडून एवढेच व्हावे. पावती मागा, ती जपून ठेवा, तोंडी आश्वासन लिहून घ्या. तक्रारीस दोन वर्षांची मुदत आहे, ती उलटू देऊ नका. 'पाचशे रुपयांसाठी कोण भांडतो' असे म्हणून आपण सोडून देतो, आणि त्या सोडून देण्यावरच दुकानदाराचा हिशेब बसलेला असतो. दिल्लीचा आयोग आपल्या दारी येणार नाही. पहिली पायरी आपणच चढावयाची आहे. तिच्यासाठी लागणारा कागद मात्र आज रात्रीच घरी जाऊन शोधून ठेवा.