वर्गणी, जामीन आणि हातउसने : बारा आठवड्यांचा व्यवसाय कायदा

(मंडळाच्या श्रावणातील सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



यंदा जानेवारी ते एप्रिल या काळात आपल्या मंडळातील आम्ही पाच जणांनी मिळून व्यवसाय कायद्याचा एक प्राथमिक ऑनलाइन अभ्यासक्रम पूर्ण केला. त्यात काय शिकलात ते चार शब्दांत सांगा, असा कार्यकारिणीचा आग्रह झाला, म्हणून आज आपल्यापुढे उभे आहोत. आमच्यात वकील एकही नाही. एक सेवानिवृत्त बँक अधिकारी, एक वाणिज्य शाखेचा विद्यार्थी, घरगुती फराळाचा उद्योग करणाऱ्या एक वहिनी आणि दोघे राज्य शासनाचे नोकर, अशी आमची पंचायत. प्रस्तुत वक्ता त्या दोघांपैकी एक. शिक्षण डिप्लोमाचे, कायद्याशी संबंध कार्यालयातील निविदा आणि परिपत्रके यांपुरता.

अभ्यासक्रम केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ या व्यासपीठावरचा होता. हे व्यासपीठ 2017 साली सुरू झाले. नाव नोंदवायला पैसे पडत नाहीत. प्रमाणपत्र हवे असेल तर परीक्षेचे शुल्क भरायचे. दर आठवड्याला अर्ध्या-अर्ध्या तासाची काही व्याख्याने, वाचायला टिपणे आणि शेवटी प्रश्नसंच. प्रश्नसंचांना 25 गुण, केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेला 75. व्याख्याने इंग्रजीत होती. म्हणून आम्ही दर रविवारी सकाळी मंडळाच्या वाचनालयात जमत असू, एकाच पडद्यावर व्याख्यान पाहत असू आणि मग पोह्यांबरोबर त्याचा मराठीतून कीस काढत असू. शब्दांचीही गंमत होई. आपण मराठीत ‘करार’ म्हणतो, इथल्या सरकारी हिंदीत ‘संविदा’. आपल्या प्रदेशात संविदा म्हटले की लोकांना कंत्राटी कर्मचारीच आठवतो. पण मंडपवाल्याशी फोनवर ठरवलेला भावसुद्धा संविदाच असतो, हे पहिल्याच आठवड्यात कळले.

आपल्या देशातला करार कायदा 1872 चा. दीडशे वर्षे उलटून गेली तरी व्यवहाराचा पाया तोच आहे. एकाने देऊ केले, दुसऱ्याने मान्य केले, दोघेही सज्ञान आणि शुद्धीवर आहेत, कोणावर जबरदस्ती वा फसवणूक नाही, हेतू कायदेशीर आहे आणि दोन्ही बाजूंनी काही देणेघेणे आहे, की झाला करार. या देण्याघेण्याला कायद्यात ‘प्रतिफल’ म्हणतात. विशिष्ट व्यवहारांना लेखाची किंवा नोंदणीची सक्ती आहे. एरवी तोंडी करारही करारच. अडचण येते ती सिद्ध करताना. तोंडी बोलणे दोघांना दोन तऱ्हांनी आठवते, आणि दोघेही प्रामाणिक असू शकतात.

आता वर्गणीचे दिवस आहेत, तेव्हा वर्गणीचाच कायदा सांगतो. एखाद्या गृहस्थांनी सभेत अकराशे रुपये जाहीर केले आणि नंतर हात आखडता घेतला, तर मंडळ ते वसूल करू शकते का? यावर दोन जुने निकाल आम्हाला अभ्यासाला होते. पहिला 1886 चा, कलकत्ता उच्च न्यायालयाचा. हावड्याला टाउन हॉल बांधायचा होता. वर्गणीदारांची यादी झाली, त्या भरवशावर विश्वस्तांनी कंत्राटदाराला काम दिले. एका वर्गणीदाराने कबूल केलेले शंभर रुपये दिले नाहीत. न्यायालयाने सांगितले, तुमच्या शब्दावर यांनी खर्चाची जबाबदारी अंगावर घेतली, आता पैसे द्या. दुसरा 1914 चा, अलाहाबादचा. मशिदीच्या दुरुस्तीसाठी एकाने पाचशे रुपये कबूल केले होते, पण त्या वचनाच्या आधारे कोणतेच काम सुरू झाले नव्हते. तिथे वसुली मिळाली नाही. नुसते वचन म्हणजे प्रतिफळाविना कोरडा शब्द. त्या वचनावर विसंबून कोणी पाऊल उचलले, की चित्र पालटते. आपले कोषाध्यक्ष हा भाग फार लक्ष देऊन ऐकताना दिसत आहेत! त्यांना एवढेच सांगतो की, गणपतीच्या वर्गणीसाठी दावा लावण्याची वेळ बाप्पा आपल्यावर आणणार नाही.

आता जरा गंभीर विषयाकडे वळतो. तो आहे जामीन राहण्याचा. आपल्या समाजात नोकरदार फार. नातेवाइकाला, शेजाऱ्याला कर्ज काढायचे असले की पगारपत्रक असलेला माणूस शोधला जातो. “नुसती सही करायची आहे हो, फॉर्मॅलिटी आहे,” असे म्हणतात, आणि भिडेखातर आपण सही करतो. आमच्या परिचयातील एका कुटुंबात हेच घडले. ज्याच्यासाठी सही केली तो धंदा बुडवून गाव सोडून गेला, आणि सावकारी संस्थेची नोटीस आली ती जामीनदाराच्या घरी. मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली ठेव मोडावी लागली. त्या गृहस्थांचा आजही प्रश्न आहे की, “कर्ज त्याने घेतले, आधी त्याला का नाही धरले?”

उत्तर 1872 च्या कायद्यात, कलम 128 मध्ये आहे. करारात वेगळे काही लिहिले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. ‘इतकीच’ म्हणजे त्याच्यानंतरची नव्हे, त्याच्या बरोबरीची. बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद या 1968 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले : धनकोने आधी कर्जदाराकडून वसुलीचे सगळे उपाय करून पाहावेत आणि मगच जामीनदाराकडे यावे, अशी अट घालता येत नाही. हमी घेतात ती त्याचसाठी.

पण हाच कायदा जामीनदाराला काही हत्यारेही देतो, आणि ती सही करताना कोणी सांगत नाही. जामीनदाराच्या संमतीवाचून धनकोने आणि कर्जदाराने कराराच्या अटी बदलल्या, तर त्या बदलानंतरच्या व्यवहारांतून जामीनदार मोकळा होतो. वरचेवर उचल होणाऱ्या खात्याची चालू हमी असेल, तर धनकोला सूचना देऊन पुढील व्यवहारांपुरती ती मागे घेता येते. आणि कर्ज आपण फेडलेच, तर धनकोचे कर्जदाराविरुद्ध असलेले हक्क आणि त्याच्याजवळचे तारण आपल्याकडे येते. अर्थात छापील फॉर्ममध्ये यातले बरेचसे हक्क सोडून दिल्याची वाक्ये बारीक अक्षरात असू शकतात. म्हणून आमचे बँकवाले काका म्हणतात, सहीचे पेन उघडण्याआधी चष्मा काढा, म्हणजे डबीतून काढा आणि डोळ्यांवर लावा!

तिसरी गोष्ट हातउसन्याची. उसने दिलेले पैसे परत मागायला आपल्याला संकोच वाटतो. कायद्याला मात्र संकोच ठाऊक नाही, त्याला तारीख ठाऊक आहे. 1963 च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे अशा पैशांसाठी दावा साधारणपणे तीन वर्षांच्या आत लावावा लागतो. मुदत संपण्यापूर्वी घेणाऱ्याने “इतके देणे आहे” असे लिहून सही केली, तर त्या तारखेपासून मुदत पुन्हा नव्याने मोजली जाते. मुदत टळल्यावरही त्याने पैसे देण्याचे लेखी, सहीनिशी वचन दिले तर करार कायद्याच्या कलम 25 प्रमाणे ते बंधनकारक ठरते. म्हणजे एक साधी चिठ्ठी. सख्ख्या भावाकडे ती मागायची कशी, हा प्रश्न कायद्याचा नाही, आपल्या मनाचा आहे.

चौथी गोष्ट वहिनींच्या फराळाची. दोन मैत्रिणींसह त्या दिवाळीची मागणी घेतात. आमचे व्याख्यान 1932 च्या भागीदारी कायद्यावर आले आणि त्या सावरून बसल्या. भागीदारीचा लेख नसला तर कायदा काय धरून चालतो? नफा सर्वांना सारखा, मग भांडवल कोणी किती का घालेना. कामाबद्दल वेगळे वेतन नाही, मग पहाटे चारला उठून चकल्या कोणी का पाडेना. आणि पेढीचे देणे झाले तर प्रत्येक भागीदार सगळ्या देण्याला जबाबदार. भागीदारीची नोंदणी सक्तीची नाही, पण नोंदणी नसेल तर पेढीला आपल्या येण्यासाठी बाहेरच्या माणसावर करारापोटी दावा लावता येत नाही. बाहेरच्याला मात्र पेढीवर लावता येतो. वहिनींनी त्याच आठवड्यात मैत्रिणींना घरी बोलावले आणि कोणाचा वाटा किती, पिठाचा-तेलाचा खर्च कोणाचा, कोणाला मध्येच थांबायचे असेल तर काय, हे दोन पानांत लिहून काढले. मैत्री तुटली नाही. उलट, तिघींपैकी सर्वांत गरीब मैत्रीण म्हणाली, “बरं झालं बाई, मला हे विचारायचंच होतं, पण धीर होत नव्हता.”

ते वाक्य आमच्या मनात राहिले आहे. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपले वडीलधारे सांगत आले. ते खरेच आहे. पण म्हणून कागदच करू नये, असा अर्थ आपण त्यातून काढला. आपल्या जुन्या वाड्यांचे किती दावे दोन-दोन पिढ्या चालले, ते इथे बसलेल्या पुष्कळांना माहीत आहे. त्या दाव्यांच्या मुळाशी लबाडी कमी आणि न लिहिलेले बोलणे अधिक असते. कागद हा अविश्वासाची खूण नाही. जो दुबळा आहे, जो भिडेपोटी विचारू शकत नाही, त्याचा तो आधार आहे. समर्थ माणसाचे कागदावाचूनही भागते.

एक सावधगिरीची सूचना. बारा आठवड्यांत कोणी वकील होत नाही. नोटीस आली तर वकिलाकडेच जावे. पण कोणत्या क्षणी जावे, हे आता आम्हाला कळते. उदाहरणार्थ, दिलेला धनादेश न वटता परत आला, तर बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते, समोरच्याला ती मिळाल्यापासून 15 दिवस द्यायचे, आणि त्यानंतर एका महिन्यात तक्रार करायची. “बघू, दिवाळीनंतर विचारू,” म्हणणाऱ्याचा हक्क दिवाळीआधीच निसटू शकतो.

जानेवारीच्या सत्रात मंडळात पुन्हा रविवारचा वर्ग सुरू करण्याचा आमचा विचार आहे. वयाची अट नाही, इंग्रजीची भीती नको. अडेल तिथे आम्ही आहोत. विशेषतः भगिनींनी आणि नुकत्याच नोकरीला लागलेल्या मुलामुलींनी यावे. पहिला पगार हातात आला की पहिला जामीन मागणारा दारात येतोच.

बुद्धीची देवता आपल्या घरी येते आहे. तिच्या साक्षीने यंदा निदान एक न लिहिलेला व्यवहार आपण कागदावर आणू या. 

गणपती बाप्पा मोरया!